विद्युत्‌वाहिनीचा खरखराट : शोधपद्धतीची चिकित्सा

हौशी रेडिओचालकाच्या ग्रहणात विद्युत्‌वाहिन्यांमुळे येणाऱ्या व्यत्ययाचा माग काढण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. मोटारीतील रेडिओ लावून रस्त्याने जावे व जेथे खरखराट सर्वांत मोठा ऐकू येईल तो खांब सदोष मानावा, ही पहिली. सोपेपणामुळे ती लोकप्रिय आहे. परंतु तिचे मूळ गृहीतक चिकित्सेला उतरत नाही.

अशा खरखराटाचे नेहमीचे कारण म्हणजे सैल झालेल्या धातुभागांमधील फटीत उडणाऱ्या ठिणग्या. दर अर्धचक्रात विद्युत्‌दाब पुरेसा चढला की ठिणग्यांचा एक झुबका उडतो. म्हणून ६० हर्ट्‌झच्या अमेरिकेत सेकंदास १२०, तर ५० हर्ट्‌झच्या भारतात १०० झुबके उमटतात. हा विक्षोभ तारांवरून दूरवर वाहतो आणि तारच एरिअलचे काम करू लागते. तारेवर स्थायी तरंग निर्माण झाल्यास ७ मेगाहर्ट्‌झला सुमारे २१ मीटरांच्या अंतराने प्रबलतेची शिखरे आढळतात. सर्वांत मोठा आवाज निर्दोष खांबापाशी मिळू शकतो, तो यामुळेच.

दुसरी पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आहे. प्रथम घराचा मुख्य स्विच बंद करून बॅटरीवरील रेडिओने घरातील उपकरणांविषयीची शंका फेडली जाते. नंतर दिशादर्शी एरिअल व ए. एम. ग्राहक घेऊन शोधक उगमाकडे सरकतो आणि जवळ जाता जाता कंपनसंख्या १४४, पुढे ४३० मेगाहर्ट्‌झपर्यंत चढवतो. उच्च कंपनसंख्येचा विक्षोभ तारेवरून फार दूर पोहोचत नाही. त्यामुळे शोधाचे क्षेत्र आपोआप संकुचित होते. शेवटी श्रवणातीत ध्वनीचा ग्राहक खांबावरील नेमका भाग दाखवतो.

तथापि हिलाही मर्यादा आहेत. ठिणगी बंदिस्त फटीत उडत असेल, तर श्रवणातीत ग्राहक मूक राहतो. त्याचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. शिवाय एकाच वाहिनीवर अनेक ठिणग्या असू शकतात. तेव्हा तक्रारदाराच्या केंद्रावर ऑसिलोस्कोपने टिपलेला स्पंदांचा आकृतिबंध आणि खांबापाशी मिळालेला आकृतिबंध जुळतो की नाही, हीच निर्णायक कसोटी ठरते. हवामानाची साक्षही येथे उपयोगी पडते. फटीतील ठिणगी पावसात बहुधा थांबते. उलट, तारेभोवतीचे करोना विसर्जन ओलाव्याने वाढते.

प्रबलतेपेक्षा ओळख महत्त्वाची, हे तत्त्व नवे नाही. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांनी न्यू जर्सीतील होल्मडेल येथे २०.५ मेगाहर्ट्‌झवर एका अखंड सुसकाऱ्याचा पाठपुरावा केला. त्याचा उगम प्रथम सूर्याकडे असावा असे वाटले. परंतु प्रबलतेचे शिखर दररोज सुमारे ४ मिनिटे आधी येऊ लागले. २३ तास ५६ मिनिटांचे हे आवर्तन ताऱ्यांचे होते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून रेडिओ-खगोलशास्त्राचा उदय झाला.

विद्युत्‌वाहिनीच्या बाबतीत या विवेकाचे मोल अधिक व्यावहारिक आहे. चुकीचा खांब दाखवला की वीजकंपनीचे कामगार जिवंत तारांजवळ व्यर्थ चढतात, धड इन्शुलेटर बदलले जातात, खरखराट कायम राहतो आणि तक्रारदाराच्या पुढच्या, कदाचित अचूक, तक्रारीवरचा विश्वास उडतो. म्हणून आकृतिबंध जुळल्याविना कोणताही खांब सदोष ठरवला जाऊ नये.