पाण्याखालचे गजर

घड्याळ हे पाहण्यासाठी असते, अशी आपली समजूत. पण पाणबुड्या तीसेक मीटरच्या खाली गेला, की तिथल्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन त्याच्या डोक्यात चढू लागतो. भांग घेतल्यासारखा आनंद होतो. अशा अवस्थेतला गृहस्थ घड्याळ बघेल कशाला? आणि बघितलंच, तर 'वा, काय सुरेख काटे आहेत!' म्हणून पुढे जाईल. इकडे तोच वायू रक्तात मुरत असतो. जास्त वेळ रेंगाळून घाईने वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे सुटतात आणि प्राणाशी गाठ पडते. तेव्हा तिथे नुसतं दिसणारं घड्याळ काय कामाचं? ओरडणारं हवं!

गंमत म्हणजे अशी ओरडणारी घड्याळं केली ती स्विस लोकांनी, ज्यांच्या देशाला समुद्रच नाही. त्यात दोन घराणी मोठी. पहिलं व्हल्केन. यांचं 'क्रिकेट' १९४७ सालचं. नाव ऐकून वानखेडे आठवू नका. हे क्रिकेट म्हणजे रातकिडा. दुसरं जेजे-लकूल्त्र. हे नाव ज्याला एका श्वासात घेता येईल, त्याने खुशाल पाणबुड्या व्हावं. यांनी १९५९ साली 'मेमोव्हॉक्स डीप सी' काढलं, व्हल्केनने १९६१ साली 'क्रिकेट नॉटिकल'ने उत्तर दिलं आणि १९६५ पासून लकूल्त्रचं 'पोलारिस' आलं.

आता गळा पाहू. दोघांतही एक इवलीशी हातोडी आतल्या पत्र्यावर धडका देते. पण पाठ मनगटाला चिकटली की आवाज बसतो; तबल्यावर हात ठेवून वाजवल्यासारखा. म्हणून दोघांनीही पाठीला भोकांचं आणखी एक झाकण दिलं. माझ्या परिचयाच्या एका घड्याळवेड्याकडे दोन्ही ऐकायला मिळाली. व्हल्केन तार सप्तकात किरकिरतं; पोलारिसचा सूर जरा खाली, शाळेच्या घंटेच्या वळणाचा. झोपमोडीच्या कामी व्हल्केनला तोड नाही.

सोयीत मात्र पोलारिस पुढे. हात हलला की चालण्याची चावी आपोआप बसते. बाजूला तीन किल्ल्या : एक वेळेची, एक गजराची, मधली आतलं कडं फिरवायची. व्हल्केनला रोज चावी द्यावी लागते. एकच किल्ली एकीकडे पिळली की घड्याळाला, उलट पिळली की गजराला. पण गंमत पुढेच आहे. पोलारिसमध्येही गजराची चावी हातानेच द्यायची! म्हणजे विसरभोळ्याला आठवण करून देणारं यंत्र आणि त्यालाच चावी द्यायची आठवण ठेवायची. शिवाय गजराची खूण बारा तासांच्या तबकडीवर फिरते, त्यामुळे दोन-चार मिनिटांची चूकभूल देणेघेणे. बँकेत पैशाचा फरक आला तरी आम्हाला घरी सोडत नाहीत. इथे मिनिटांचा फरक खपवून घ्यायचा, तोही पाण्याखाली.

तरीही माझं मत व्हल्केनला. कारण गजर फक्त 'चला' म्हणतो; वर कसं यायचं ते सांगत नाही. नॉटिकलच्या तबकडीवर मात्र वर येताना कुठे किती थांबायचं, त्याचं कोष्टकच छापलेलं आहे. हानेस केलर हा स्वतः पाण्यात उतरणारा स्विस गणिती या घड्याळाच्या घडणीत होता, ते जाणवतं. पोलारिस देखणं, दुर्मिळ. सुमारे सतराशेच बनली, म्हणून आज लिलावात भाव खातं. पण कॉमर्सचा पदवीधर शोभेला मार्क देत नाही. नोटीस देणारा आणि हप्ते पाडून देणारा यांत कर्जदाराला दुसराच प्रिय असतो.

१९८० च्या दशकात पाणबुड्यांच्या मदतीला छोटे संगणक आले आणि ही दोन्ही घड्याळं हळूहळू संग्राहकांच्या कपाटात गेली. संगणक खोली मोजतो, हिशोब करतो, चावीही मागत नाही. या म्हाताऱ्यांची एक गोष्ट मात्र मला पटते. परत केव्हा यायचं, हे ती माणसाकडून काठावरच, डोकं ठिकाणावर असतानाच, वदवून घेत. नंतर खाली कितीही रमलात, तरी वीसेक सेकंद तुमचाच शब्द तुमच्या मनगटावर धडका देई.

असा एखादा रातकिडा जमिनीवरच्या सभांतून वक्त्यांच्या मनगटाला बांधावा, अशी माझी सूचना आहे. चावी द्यायला मी येतो.