पक्षाघातोत्तर मस्तिष्क-उद्दीपन : एका गृहीतकाची परीक्षा

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा चालता व्हावा म्हणून कवटी न उघडता मेंदूस चेतना देण्याच्या ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांत चुंबकीय उद्दीपनाचा विचार प्रथम करावा लागतो. शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून हाताचे स्नायू हलवून दाखविले. पुढे या साधनाला उपचाराचे रूप आले, ते एका गृहीतकाच्या आधारे. मेंदूचे दोन्ही अर्धगोल परस्परांस आवर घालतात. एक दुखावला की निरोगी अर्धगोल त्यास अधिकच दडपतो. सबब निरोगी बाजूचा जोर मंद स्पंदांनी कमी करावा, असे ते गृहीतक होय.

उपपत्ती आकर्षक आहे. परंतु आकर्षकता म्हणजे प्रमाण नव्हे. अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १९९ रुग्णांना हाताच्या व्यायामाबरोबर खरा किंवा लटका स्पंदोपचार देण्यात आला. सहा महिन्यांनंतर फ्यूगल-मायर मापनाच्या ६६ गुणांपैकी किमान ५ गुणांची सुधारणा खऱ्या उपचाराच्या गटात ६७ टक्के, तर लटक्या उपचाराच्या गटात ६५ टक्के रुग्णांत आढळली. सुधारणा झाली हे खरे; तिचे श्रेय चुंबकास देता येत नाही. शिवाय इजा मोठी असल्यास निरोगी अर्धगोलच गमावलेले कार्य सावरत असण्याचा संभव आहे. तेथे त्याला दडपणे म्हणजे आधारच काढून घेणे ठरेल.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. गडचिरोलीतील ८६ गावांच्या पाहणीत (२०१५) १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, त्यांतील ८७.३ टक्के घरीच झाले होते. विदर्भातीलच मारेगावच्या कापूस वेचणाऱ्या मजुराला रोजच्या स्पंदोपचारासाठी शहर गाठावयाचे तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हेही उपचाराचे मूल्यच होय. मापनातील ५ गुणांनी त्याची बोटे बोंडातून कापूस काढू लागतील, अशी हमी नाही.

घरच्यांना शिकवून भागेल, हेही गृहीत धरता येत नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या चाचणीत (२०१७) कुटुंबीयांकरवी दिलेल्या व्यायामाने मृत्यू वा परावलंबन घटले नाही. म्हणून प्रशिक्षित व्यायामोपचारक तालुक्यापर्यंत कसा पोहोचेल, हा प्रश्न यंत्राच्या प्रश्नाआधीचा ठरतो. यंत्राचा कैवार घेणाऱ्यांनी तो टाळू नये.