डोळा रेखीव, रान धूसर

कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांची छायाचित्रं मी अनेक वर्षं पाहत आलो आहे. तंत्राच्या बाजूनं अलीकडची चित्रं सरस आहेत. डोळ्यातली चमक, शिंगांचे पीळ, सारं रेखीव. पण त्यांतलं एखादं गुजरातेतल्या वेळावदरचं म्हणून दाखवलं, तर कुणाला शंका येणार नाही. मग वाशीम जिल्ह्यातलं हे अठरा चौरस किलोमीटरांचं माळरान चित्रातून गेलं कुठं?

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि ऑटोफोकस रुळला. त्यापूर्वी धावतं जनावर टिपायचं तर बरेचदा जागा आधी ठरवावी लागे. वाट किंवा पाणवठा हेरायचा, तिथं फोकस बांधायचा आणि वाट पाहायची. सलग फोकसनं हा क्रम उलटला. आता कॅमेरा जनावरामागे जातो. २०१९ नंतर तर प्राण्याचा डोळाही तो स्वतः शोधू लागला.

ही सोय नाकारण्याचं कारण नाही. उभ्या कुसळीत अनेक बिंदूंचा फोकस जवळच्या काडीवरच अडकतो. तिथं एकच बिंदू किंवा डोळ्याची ओळख कामी येते. ताशी ६० किलोमीटरनं धावणारा काळवीट १/१००० सेकंदात पावणेदोन सेंटिमीटर सरकतो, म्हणून शटरही तितकंच वेगवान हवं. मे महिन्यातल्या दुपारी तापलेली हवा लहरते, तेव्हा मात्र कोणतंच सेटिंग उपयोगाचं नाही.

माझा आक्षेप निवडीवर आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरचं भिंग, एफ ५.६ आणि ३० मीटर अंतर धरलं, तर रेखीव पट्टा जेमतेम दोन मीटरांचा मिळतो. तेवढ्याच अंतरावरून २०० मिलिमीटर आणि एफ ११ घेतलं, तर तो पंधरा मीटरांच्या घरात जातो. काळवीट लहान दिसेल, पण त्याचं गवतही दिसेल.

हा केवळ सौंदर्याचा मुद्दा नाही. आपल्याकडे गवताळ रानाला सहज 'पडीक' म्हटलं जातं. तिथल्या रहिवाशाचं चित्रही ते रान पुसून टाकत असेल, तर त्या समजुतीला बळच मिळतं. म्हणून चित्र किती शार्प आहे यासोबत, त्यात काय काय शार्प आहे, हेही परीक्षकांनी विचारावं.