कासोट्याला शिवण नसते

फॅनी पार्क्सच्या १८५० च्या प्रवासवर्णनात बायजाबाई शिंद्यांवरचा जो भाग आहे, तो लोक मैत्रीची गोष्ट म्हणून वाचतात. मला तो कपड्यांचा रिव्ह्यू वाटतो, आणि चांगला रिव्ह्यू.

साल १८३५, जागा फतेहगड. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातली सून. १८२७ पासून ग्वाल्हेरचा कारभार चालवला, १८३३ मध्ये सत्ता गेली, आता छावणीत मुक्काम. तिथे पार्क्स आपलं हॅबिट घालून साइड-सॅडलवर बसून दाखवते. एका अंगाला बसलेली ती मराठा बायकांना विचित्रच दिसते.

हॅबिट म्हणजे वर पुरुषी कोटासारखा अंगाबरोबर बेतलेला भाग, खाली लांबलचक घेर. बाईने पाय दोन बाजूंना टाकून बसायचं नाही, ही अट आधी ठरलेली. मग त्यासाठी खोगीर एकांगी झालं. पाऊल दिसू नये म्हणून स्कर्ट वाढला. तो इतका वाढला की घोड्यावरून उतरल्यावर हातात उचलून चालावं लागे. तोल सावरेना, तर १८३० च्या सुमारास खोगिराला आणखी एक शिंग जोडलं. मूळ रिक्वायरमेंट चुकीची असली की पॅचवर पॅच कसे चढतात, हे मी ऑफिसात रोज बघतो.

नऊवारीत सुईच नाही. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचलेला. दोन्ही पाय झाकलेले, तरी वेगळे. पार्क्सने हे नेमकं टिपलंय: एकाच कापडातून घागराही होतो आणि विजारही. (लांबी मात्र ती वीसेक वार सांगते. बहुधा नजरेनेच मोजली.) मग ती स्वतः मराठी पद्धतीने बसते, बैठक किती पक्की आहे ते कळतं, आणि बायकांची बसण्याची रीत बदलल्याबद्दल थेट राणी एलिझाबेथला मूर्ख ठरवते.

इथवर ती मला फार आवडते. पण ही सगळी घोडदौड जनान्याच्या आवारात चाललेली, पुरुषांच्या नजरेआड. घेरात पाय अडकलेली बाई देशभर हिंडतेय आणि मोकळ्या पायांची बाई पडद्यात. पार्क्सला हे दिसतं, पण कपड्याच्या कौतुकात ती त्यावर थांबत नाही. आपणही थांबत नाही. पाडव्याला नऊवारीतल्या बुलेटवाल्या मुलींचे फोटो येतात आणि कॅप्शनवाले त्या कासोट्यातच सगळं स्वातंत्र्य शोधतात. माझ्या आजीने जन्मभर कासोटा घातला, भांगलण केली, ओझी वाहिली. सायकलवर ती कधी बसली नाही.

त्या मुलींची नऊवारी बहुतेकदा शिवलेली, चेन लावलेली असते. त्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. आजीही नाही. फोटो दाखवला तेव्हा तिने स्क्रीन जवळ धरून एवढंच विचारलं, "एवढ्या वाऱ्यात मागचा खोचा सुटत कसा नाही रे?"