दुसरी कुंडी कोठे आहे?

खताचा परिणाम शिकवताना आपण वर्गात दोन कुंड्या ठेवतो. एकीत खत घालायचे, दुसरीत नाही. ऊन-पाणी मात्र दोन्हींना सारखे. दुसरी कुंडी नसेल तर रोप खताने वाढले की नुसत्या पाण्याने, हे सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या कार्बन योजनेत ही दुसरी कुंडीच ठेवलेली नाही, असा आमचा आक्षेप आहे.

क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या कोरड्या अंतर्भागात मेंढ्या-गुरांची अफाट चराऊ राने आहेत. तेथे 'मल्गा' हे बाभळीच्या नात्यातले झाड उगवते. मालकाने गुरे कमी करावीत, मोकाट बकऱ्या आवराव्यात, उगवलेली रोपे तोडू नयेत. मग स्थानिक जंगल आपोआप परत येईल आणि शोषलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे त्याला एक क्रेडिट मिळेल, अशी ही योजना. ती क्रेडिटे कारखाने व खाणी विकत घेतात आणि आपल्या धुरापोटी जमा दाखवतात. कल्पना सुरेख आहे, लागवडीचा खर्चही नाही.

पण शोषलेला कार्बन झाडे मोजून काढला जात नाही. तो संगणकावरचे गणिती प्रतिमान सांगते. मालकाने काहीच केले नसते तर जंगल आलेच नसते, हे त्यात गृहीत. प्रत्यक्षात यातील बरीच जमीन कधी पूर्ण साफ केलेलीच नव्हती, झाडे आधीपासून होती, असे टीकाकार दाखवतात. शिवाय अशा मुलखात झाडोरा मुख्यतः पावसाच्या तालावर वाढतो आणि वाळतो. २०१०-१२ मध्ये ला निनामुळे तेथे धो धो पाऊस झाला. त्याचे श्रेय कुंपणाला द्यायचे का?

अँड्र्यू मॅकिंटॉश हे एके काळी याच योजनेच्या पद्धती तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी २०२२ मध्ये उघड टीका केली. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने १८२ प्रकल्पांची तुलना सीमेबाहेरच्या जमिनीशी केली (ही झाली दुसरी कुंडी!). झाडांच्या आच्छादनातील बदल आत-बाहेर जवळजवळ सारखाच निघाला.

इयान चब यांच्या समितीने मात्र योजनेची मूळ रचना ठीक ठरवली होती. प्रकल्पांची ठरावीक काळाने तपासणी होते, असे नियामकही सांगतात. होते, हे खरे. पण त्या तपासणीत झाडे आहेत की नाहीत हे कळते, ती कशामुळे आली हे नव्हे. २०२३ मध्ये ही पद्धत नव्या प्रकल्पांसाठी बंद झाली. जुन्यांना मात्र मुभा राहिली.