‘नाही’ न म्हणणारा गिअर

मोटार शिकताना पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडीने खाल्लेली उचकी ज्याची त्याला आठवत असते. पाय जरा लवकर उचलला की गाडी धक्का देऊन बंद पडते. जरा सावकाश उचलला की सरकू लागते. हे ‘जरा’ म्हणजे नेमके किती, ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. संगणकावरच्या शर्यतींच्या सिम्युलेटरला स्टिअरिंगबरोबर क्लचचे पेडल आणि हाताने टाकायचा गिअरही जोडता येतो. अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी आम्हांला विचारले, घर्षण आणि टॉर्क शिकवायला याचा उपयोग का करू नये? प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही दोघे-तिघे शिक्षक तीन संध्याकाळी एका परिचितांच्या घरी जाऊन त्यावर बसलो.

संच होता लॉजिटेकचा जी-२५. हा २००६ साली बाजारात आला. याचे स्टिअरिंग ९०० अंशांतून, म्हणजे अडीच फेरे फिरते. तीन पेडले आहेत. सहा गिअरांचा दांडा आहे आणि रिव्हर्ससाठी तो खाली दाबून ओढावा लागतो. खेळ होता इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ (२०१४), आणि गाडी निवडली लोटस ४९. हीच गाडी घेऊन जिम क्लार्कने ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडवूर्टला तिची पहिलीच शर्यत जिंकली होती. इंजिन तीन लिटरचे, शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास.

क्लच काय करतो ते आधी पाहू. इंजिन चालू असले की त्याचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरतच असते. उभ्या गाडीची चाके फिरत नसतात. या दोहोंमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक चकती असते आणि स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की चकती सुटी होते. पेडल हळूहळू सोडले की ती घसरत घसरत पकडते. चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात ती हीच अवस्था.

इथे वर्गासाठी एक सुरेख हिशेब आहे. समजा, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर कायम ठेवले आणि चकतीची पलीकडची बाजू शून्यापासून एकसारखी वाढत १५०० ला पोचली. घसरणाऱ्या क्लचच्या दोन्ही बाजूंना टॉर्क सारखाच असतो. पण इंजिनाची बाजू सर्व वेळ १५०० ने फिरली आणि गाडीची बाजू सरासरी ७५० ने. कार्य म्हणजे टॉर्क गुणिले फिरलेला कोन. म्हणजे इंजिनाने केलेल्या कार्यापैकी बरोबर निम्मेच गाडीला मिळाले! उरलेले निम्मे चकतीच्या उष्णतेत गेले. पाय कितीही कुशल असो, या अटींखाली हे निम्मे चुकत नाही. धारित्र रोधातून प्रभारित करताना निम्मी ऊर्जा जाते, ती गोष्ट विद्यार्थ्यांना माहीत असते. ही तिची सख्खी बहीण. घाटात हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्याच्या नाकाला येणारा जळका वास या उष्णतेचाच.

आता सिम्युलेटरकडे. जी-२५ चे क्लच पेडल म्हणजे एक स्प्रिंग आणि एक बदलता रोध. पाय कुठे आहे, ते संगणकाला कळते. पण संगणकाला पायाशी काही बोलता येत नाही. खऱ्या गाडीत चकती पकडू लागली की इंजिनाचा आवाज जडावतो, पुढचा भाग किंचित उचलतो, बूड थरथरते. इथे फक्त आवाज आणि काटा. तेवढ्यावर आम्ही गाडी हलवायला शिकलो खरे, पण जे शिकलो ते त्या स्प्रिंगचे अंतर होते. तिसऱ्या संध्याकाळी आमच्यातले एक जण, जे वीस वर्षे गाडी चालवत आहेत, परत निघाले आणि त्या घराच्या फाटकातच त्यांची गाडी बंद पडली.

दांड्याची गोष्ट याहून वाईट. खऱ्या गिअरबॉक्समध्ये गिअर टाकताना एक शंकूच्या आकाराचे कडे घर्षणाने दोन्ही भागांचे वेग जुळवते, आणि वेग जुळेपर्यंत दात एकमेकांत शिरू देत नाही. हाताला ते अडवणे जाणवते. ‘गिअर पडत नाही’ असे आपण म्हणतो ते यामुळेच. जुन्या मालमोटारींत असे कडे नसे. मग चालक डबल क्लच करीत: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडा वेग, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. शाळेत न गेलेली माणसेही हे बिनचूक करीत, कारण चुकले की दांडा हातात ठणकन सांगत असे.

आम्ही मुद्दाम क्लच न दाबता दांडा ओढला. कर्र असा आवाज आला, पडद्यावरची गाडी न्यूट्रलमध्ये राहिली. हातातला दांडा मात्र खुशाल तिसऱ्या गिअरमध्ये जाऊन बसला होता. हात एक सांगतो, पडदा दुसरे. विज्ञान शिकवणाऱ्याला याहून अडचणीचे साधन कोणते?

आणि हे अटळ होते असेही नाही. १९८९ साली अटारी गेम्सने ‘हार्ड ड्रायव्हिन’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. त्याला किल्ली होती, क्लच होता, चार गिअरांचा दांडा होता आणि स्टिअरिंगला मोटर लावून रस्त्याचा जोर हातापर्यंत पोचवला होता. संगणकाच्या हुकमाने अडणाऱ्या गिअरच्या दांड्याचे अमेरिकन पेटंटही याच कंपनीला १९९० मध्ये मिळाले. पुढे घरगुती संचांत स्टिअरिंगची मोटर टिकली, दांडा मात्र मुका राहिला. गंमत म्हणजे त्याच १९८९ साली, मार्चमध्ये, ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल फेरारीची नवी गाडी घेऊन जिंकला, आणि त्या गाडीत गिअर बदलायला स्टिअरिंगमागच्या पट्ट्या होत्या. खेळयंत्र क्लच शिकवू लागले, त्याच वर्षी शर्यतीने त्याला निरोप द्यायला सुरुवात केली.

मग सगळेच टाकाऊ का? तसे नाही. वळणाआधी ब्रेक दाबून चौथ्यातून तिसऱ्यात येताना हे सिम्युलेटर खरे बोलते. समजा, चौथ्यात इंजिन ६००० वर आहे आणि त्याच वेगाला तिसऱ्यात ७५०० हवे. क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन हे १५०० फेरे आपण भरून काढले नाहीत, तर क्लच सुटताच ते मागच्या चाकांकडून वसूल होतात. ब्रेकमुळे गाडीचा भार पुढे गेलेला असतो, मागच्या टायरांची पकड आधीच कमी झालेली असते. त्यात ही ओढ. गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आमची पहिल्या संध्याकाळी अनेकदा फिरली. टिचकी जमू लागली तशी ती सरळ राहू लागली, आणि कारण व परिणाम यांचा संबंध इतका स्वच्छ आम्हांला फळ्यावर कधी दाखवता आला नव्हता. मात्र ‘स्वयंचलित क्लच’ आणि ‘स्वयंचलित टिचकी’ या सोयी बंद केल्या आहेत ना, ते पाहावे. नाहीतर कष्ट संगणक करतो आणि शाबासकी आपण घेतो.

केवळ यासाठी शाळेने असा संच विकत घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. कोणा विद्यार्थ्याच्या घरी असेल, तर एक प्रयोग जरूर करावा. सपाट रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये एकाच ठरावीक वेगाला इंजिनाचे फेरे वाचून लिहावेत. त्या आकड्यांना सर्वांत वरच्या गिअरच्या आकड्याने भागले की गिअरबॉक्स न उघडता दात्यांची गुणोत्तरे हाती येतात. त्यावरून खालचा गिअर टाकताना किती फेरे भरून काढावे लागतील, हे आधी कागदावर काढावे आणि मग दांड्याला हात घालावा. फेऱ्यांचा काटा असलेल्या साध्या मोटारीत चालकाशेजारी बसूनही हे आकडे टिपता येतात. तिथे क्लचचा वासही फुकट मिळतो.