फुकट अक्षर, मोकळं अक्षर

र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजसोबत मराठी घरांत आला. वेगळे पैसे कुणी मोजले नाहीत, म्हणून तो सगळ्यांचाच वाटला. पण डेबियन, फेडोरा या लिनक्स वितरणांत तो नाही. त्यांची अट अशी, की फॉन्ट कोणालाही वापरता, वाटता आणि बदलता आला पाहिजे. मंगलचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे आहेत. वाटण्या-बदलण्याची मुभा नाही.

वापरणं, वाटणं पटतं, ‘बदलणं’ कशाला? आटगावातल्या एखाद्या छपाईवाल्याचा विचार करा. त्यानं ‘शहापूर तालुका’ टाइप केलं आणि फॉन्टनं हिंदी वळणाचा, दांड्याचा ल उमटवला. त्याला हवा पाकळीचा ल. बंद फॉन्ट असेल तर आहे ते गोड मानून घ्यायचं. मोकळा असेल तर एखादा जाणकार तो ल नव्यानं काढून पुढच्यालाही देऊ शकतो.

मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ असा मोकळा आहे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली. रेड हॅटचा ‘लोहित’ २०११ मध्ये जीपीएल सोडून याच परवान्याखाली आला. लग्नपत्रिका छापा, पुस्तक विका, हरकत नाही. नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली ठेवायचा, या त्यातल्या मुख्य अटी.

म्हणून फॉन्टची समीक्षा वळणापाशी थांबू नये, परवानाही वाचावा. मंगलचं अक्षर आजही पडद्यावर स्वच्छ वाचता येतं. त्यात मराठी माणसाला दुरुस्ती करता येत नाही, हा दोष अक्षराचा नाही, पण भोगावा अक्षरालाच लागतो.